उपासाला सरावलेली झाडे

बागकामाची हौस असलेल्या माणसाची माया बहुधा खताच्या पाटीतून व्यक्त होते. रोप मलूल दिसले की त्याचा हात प्रथम खताकडे जातो. गुलाब किंवा मोगरा यांना ही माया मानवते. परंतु ऑस्ट्रेलियातील कित्येक रानझाडांच्या बाबतीत मात्र ती जीवघेणी ठरते.

१७७० साली कॅप्टन कुकबरोबर आलेल्या जोसेफ बँक्स याने तेथील किनाऱ्यावर अपरिचित वनस्पतींचा मोठा संग्रह केला. बँक्सिया या वंशाला त्याचेच नाव आहे. तरीही पुढे तेथे वसलेल्या इंग्रजांनी अंगणात लावली ती मायदेशची फुलझाडे व हिरवळ. आपल्या भूमीतील झाडे बागेत आणावीत म्हणून हौशी मंडळींनी स्वतंत्र संस्था काढली ती १९५७ साली.

तेथील जमीन अतिशय जुनी आहे. विशेषतः पश्चिम ऑस्ट्रेलियातील वालुकामय माती युगानुयुगे पावसाने धुऊन निघाली असून तीत फॉस्फरस नाममात्र उरला आहे. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, वाराटा या झाडांनी त्यावर तोड काढली. त्यांच्या मुळांना बारीक तंतूंचे दाट झुबके फुटतात, आणि त्यांतून स्रवणारी आम्ले मातीला चिकटलेला फॉस्फरस सोडवून घेतात. कणकण वेचण्यास सरावलेल्या अशा झाडापुढे सुपरफॉस्फेट, हाडांचा चुरा किंवा कोंबडीखत ओतले, तर त्यातील पुष्कळ जातींना नको म्हणताच येत नाही. फॉस्फरस पानांत साचतो, पाने पिवळी पडतात, कडा करपतात. मालकाला वाटते, झाड उपाशी आहे. तो आणखी एक पाटी आणतो! खत द्यावयाचेच तर फॉस्फरस अत्यल्प असलेले, सावकाश विरघळणारे द्यावे, आणि तेही बेताने.

'देशी झाड म्हणजे निगा नको' हा दुसरा गैरसमज. हा देश म्हणजे एक अवघे खंड आहे. पर्थला पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. सिडनीचा उन्हाळा दमट. पर्थकडील रोप सिडनीच्या चिकण मातीत लावले तर मूळकुजव्या रोगाने ते मरावयास वेळ लागत नाही. यावर एक उपाय उंचवटा करून लावण्याचा, आणि दुसरा कलमाचा. पश्चिमेकडील नाजूक ग्रेव्हिलियाचे कलम ज्या दणकट खुंटावर बांधतात, तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. कूर्ग-निलगिरीच्या मळ्यांत चहा-कॉफीवर सावली धरणारा सिल्व्हर ओक तो हाच! नावात ओक असला तरी तो ग्रेव्हिलियाच होय, आणि त्याचे माहेर पूर्व ऑस्ट्रेलियातील वर्षावने.

लागवडीस मोठे झाड आणू नये. लहान नळीतील रोप लवकर मूळ धरते. दक्षिणेकडील भागांत मार्च ते मे हा तेथील शरद ऋतू त्यास उत्तम. पहिली एकदोन वर्षे पाणी द्यावे. सालीचा भुगा किंवा खडी पसरावी, परंतु ती खोडाला भिडू देऊ नये.

बियांची तऱ्हा याहूनही निराळी. अनेक जातींचे बी वणव्याचा धूर लागल्यावाचून उगवत नाही. धुरातील ज्या द्रव्याने बी जागे होते, त्यांपैकी एक २००४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शोधून काढले. हौशी बागवान आता धूर मुरविलेल्या पाण्यात बी भिजवितात.

छाटणी मात्र अवश्य करावी. आपल्याकडेही दिसणाऱ्या बॉटलब्रशचा बहर ओसरताच फुलाच्या तुऱ्यामागे कात्री लावली की झाड भरगच्च होते. बँक्सियाशी जपून वागावे. ज्या जातीच्या बुंध्याशी गाठ असते, ती जशी वणव्यानंतर तशीच जमिनीलगत छाटल्यावरही पुन्हा फुटते. गाठ नसलेल्या कित्येक जाती अशा छाटणीनंतर पुन्हा डोके वर काढीत नाहीत.