गाव कुठलं, पाव्हणं?

अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायला साहेबाला हवापाण्याचा विषय लागतो. आपल्याला तोही लागत नाही. एसटीत शेजारी बसलेल्याला आपण सरळ विचारतो, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" मग नोकरी, पगार, मुलं किती, मुलीचं जमलं का. दोन तासांत समोरच्याचं रेशनकार्ड आपल्याला पाठ होतं. त्यामुळे परक्या माणसाला जरा खोलवरचे प्रश्न विचारावेत असं कुणी म्हटलं, तर हसूच येतं. आता विचारायचं राहिलंय काय?

पण खाजगी प्रश्न आणि खोल प्रश्न यांत फरक आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. पगाराचा प्रश्न खाजगी खरा, पण त्याचं उत्तर म्हणजे एक आकडा. आडनावाचं तर बोलायलाच नको. ते कशासाठी विचारलं जातं, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं. माझा एक मित्र प्रवासात फक्त नाव आणि गाव सांगतो. आडनाव विचारलं की पुस्तक उघडतो. या प्रश्नांतून माणूस कळत नाही. त्याला कुठल्या खणात टाकायचं, एवढंच ठरतं.

पुष्कळ वर्षांपूर्वी पुण्याहून कोल्हापूरला जाताना समोरच्या बाईंना मी सहज विचारलं, "मुलं किती?" त्या म्हणाल्या, "एक होता." आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. कऱ्हाड येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. तेव्हापासून मी प्रवासात तोंडापुढे पेपर धरायला लागलो. पुढे त्याची जागा मोबाइलनं घेतली. त्या वेळी मी विचारायला हवं होतं, "नाव काय होतं त्याचं?" हे मला कितीतरी दिवसांनी सुचलं.

या गप्प बसण्याचा अभ्यासही झाला आहे. शिकागोतले निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या लोकलच्या प्रवाशांवर प्रयोग केले. ते 2014 साली प्रसिद्ध झाले. काही प्रवाशांना त्यांनी शेजारच्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला, काहींना रोजच्यासारखं वागायला. लोकांचा अंदाज होता की एकट्यानं बसण्यातच सुख आहे. झालं उलट. जे बोलले त्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. पुढे 2021 मध्ये एप्लींनी मायकेल कार्डास आणि अमित कुमार यांच्याबरोबर आणखी एक पाऊल टाकलं. अनोळखी माणसांच्या जोड्या लावून त्यांना अवघड प्रश्न दिले. दुसऱ्यासमोर रडू आलं असा एखादा प्रसंग सांगा, अशा धर्तीचे. वाटलं होतं तेवढं अवघडलेपण आलं नाही. समोरच्याला आपल्या बोलण्यात रस नसेल, ही आपली समजूत चुकीची असते, असं त्यांना दिसलं.

अर्थात, हे प्रयोगशाळेत ठीक. आपल्या जनरल डब्यात कुणाला एकदम "शेवटचं कधी रडलात?" विचाराल, तर तो सामान उचलून पलीकडच्या बाकावर जाईल. खोल प्रश्नालाही उंबरठा लागतो. माझ्या अनुभवात सर्वांत सोपा उंबरठा म्हणजे माणसाचं काम. "काय करता?" नव्हे. त्या कामातलं असं काय आहे, जे आमच्यासारख्याला बाहेरून दिसत नाही?

गेल्या वर्षी कोयना एक्स्प्रेसमध्ये माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ होते. सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमाली केलेले. त्यांना मी हेच विचारलं. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पेवात उतरनं."

हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. तोंड अरुंद, पोट मोठं. तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कारण आत श्वासापुरती हवा नसते. आधी कंदील सोडायचा. तो विझला, तर थांबायचं. "मालक वरनं घाई करायचा," ते म्हणाले, "पर कंदिलाचं ऐकायचं, मालकाचं न्हाई." 2005 च्या महापुरात पाणी शिरून कित्येक पेवं गेली आणि माल शीतगृहांकडे वळला. कंदील सोडण्याचं ते शहाणपण आता कुणाच्या कामाचं नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. पाऊण तास ते बोलत होते. मी मध्ये फक्त "मग?" म्हणत होतो.

हा "मग?" फार मोलाचा. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की उत्तर ऐकून त्यातूनच पुढचा प्रश्न काढणारा माणूस लोकांना अधिक आवडतो. आपल्या आज्ज्यांना हे न शिकवता येत होतं.

पण एक गोष्ट कुणी आधी बजावत नाही. असा प्रश्न उलटून येतो. म्हाताऱ्यांनी विचारलं, "आनि तुमच्या कामात काय व्हतं, आमास्नी न दिसनारं?"

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. म्हटलं, सह्या. माणूस थकला की आधी सही थकते. एक आजोबा अर्धांगवायूनंतर पेन्शन काढायला येत. सही जुळेना. मी दोनदा परत पाठवलं.

"मग?"

मग काय, मार्चअखेर होती, काउंटरपुढे रांग होती. हात चालत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेता येतो. ते मी त्यांना सांगितलं नाही. तिसऱ्यांदा त्यांचा मुलगा आला, मृत्यूचा दाखला घेऊन. हे मी घरीही कधी बोललो नव्हतो.

म्हातारे काही बोलले नाहीत. सांगली आली, पिशवी घेऊन ते उतरले. फलाटावरून खिडकीशी आले आणि गजांना धरून त्यांनी विचारलं, "त्यो अंगठ्याचा नियम तवा तुमास्नी ठावं व्हता न्हवं?"

"होता," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. गाडी सुटली.