देहदान आणि डॉक्टरांचे पहिले वर्ष

दरवर्षीच्या अहवालात आपण रुग्णसेवेचे आकडे, देणग्यांचा विनियोग आणि नव्या यंत्रसामग्रीची माहिती वाचता. यंदा त्या जोडीने एका वेगळ्या दानाविषयी लिहीत आहोत. हे दान पैशाचे नाही, आणि आमच्या रुग्णालयाला ते थेट स्वीकारताही येत नाही. तरीही आमच्याकडे येणारे ज्येष्ठ रुग्ण आणि त्यांची मुले त्याविषयी मोठ्या आस्थेने विचारतात. देहदान केले म्हणजे पुढे नेमके काय होते? त्या देहाचा उपयोग कोणाला? आणि संगणकाच्या या काळात त्याची गरज तरी उरली आहे काय?

एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी विद्यार्थी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकतो. यांपैकी पहिला विषय पुस्तकातून पाठ करता येतो, पण समजतो तो विच्छेदन कक्षातच. एका टेबलाभोवती विद्यार्थ्यांचा एक गट उभा राहतो. एक जण मार्गदर्शिकेतील सूचना मोठ्याने वाचतो, दुसरा चिमटा व सुरी धरतो आणि बाकीचे पाहतात. त्वचा, तिच्याखालील चरबी, स्नायूंवरचे आवरण, मग स्नायू आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या व नसा अशा क्रमाने काम चालते. केवळ हाताचा अभ्यास कित्येक आठवडे पुरतो. जे चित्रात लाल, निळ्या आणि पिवळ्या रेघांनी स्वच्छ दाखवलेले असते, ते प्रत्यक्षात एकाच फिकट रंगाचे असते आणि बोटांनी चाचपून ओळखावे लागते. हा बोटांचा अभ्यास पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो.

तो कसा, हे आपल्या नित्याच्या अनुभवातून सांगता येईल. ग्रामीण भागात कमरेत इंजेक्शन घेण्याची सवय फार आहे. नितंबाच्या खालच्या व आतल्या भागातून बोटाएवढी जाड नस मांडीत उतरते. सुई तिला लागली, तर रुग्णाला पाऊल उचलणे कायमचे अवघड होऊ शकते. म्हणून सुई वरच्या व बाहेरच्या चतुर्थांशातच द्यायची, हा नियम आहे. तो पाठ असणे वेगळे आणि ती नस स्वतःच्या हाताने एकदा उकलून पाहिलेली असणे वेगळे. दुसरे उदाहरण गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचे. गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या अगदी खालून, एखाद्या पुलाखालून पाट जावा तशी मूत्रवाहिनी जाते. धमनी बांधताना ती ओळखता आली नाही, तर मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. पित्ताशय काढताना धोका आणखी निराळा. तेथील धमनी आणि पित्तनलिका यांची मांडणी सर्व माणसांत एकसारखी नसते, आणि पुस्तकात छापलेली असते ती बहुसंख्यांमध्ये आढळणारी मांडणी. प्रत्येक देह थोडा वेगळा असतो, हे विद्यार्थ्याला कळते ते शेजारच्या टेबलावर डोकावल्यावर. आमच्या मते विच्छेदनाचा हा सर्वांत मोठा धडा आहे.

शरीराच्या आत पाहून शिकण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात दिवस राखावा आणि नंतर वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर पाहावा, अशी पद्धत सांगितली आहे. पुढे ही परंपरा खंडित झाली. युरोपात व्हेसालियसचा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला आणि हाताने विच्छेदन करून शिकण्याला तेथे प्रतिष्ठा आली. आपल्या देशात १८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी विच्छेदन करून सामाजिक बंधन मोडले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, आणि डॉ. भाऊ दाजी लाड तेथील पहिल्या पदवीधरांपैकी एक होत.

तथापि या इतिहासाची एक काळी बाजूही आहे. मृतदेह कमी आणि विद्यार्थी अधिक, अशी स्थिती झाल्यावर ब्रिटनमध्ये थडगी उकरली जाऊ लागली. १८२८ मध्ये एडिंबरो येथे बर्क व हेअर या दोघांनी देह विकण्यासाठी सोळा खून केल्याचे उघडकीस आले. त्यानंतर १८३२ मध्ये तेथे कायदा झाला, आणि बेवारस देह महाविद्यालयांना मिळू लागले. आपल्या राज्यातील १९४९ चा शरीररचनाशास्त्र अधिनियम त्याच वळणाचा आहे. बेवारस देह देण्याची तरतूद त्यात आहे आणि स्वेच्छेने देह देण्याचीही. आमच्या पिढीतील कित्येक डॉक्टर ज्या देहांवर शिकले, ते रस्त्यावर वा सरकारी रुग्णालयात निराधार अवस्थेत मरण पावलेल्यांचे होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. ज्ञानाचे हे ऋण समाजातील सर्वांत दुबळ्यांकडूनच घेत राहावे काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. देहदान वाढेल त्या प्रमाणात हा भार त्यांच्यावरून उतरेल. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेले नानाजी देशमुख यांचे २०१० मध्ये चित्रकूट येथे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला देण्यात आला. त्याच वर्षी ज्योती बसू यांचेही देहदान झाले. विचारांनी दोन टोकांवरच्या या दोन्ही नेत्यांनी अखेरीस एकच निर्णय घेतला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता संगणकाविषयी. टेबलाएवढ्या पडद्यावर मानवी शरीराचे थर उलगडून दाखवणारी यंत्रे आली आहेत. १९७७ मध्ये जर्मनीत गुंथर फॉन हागेन्स यांनी शोधलेल्या पद्धतीने देहातील पाणी व चरबीच्या जागी प्लॅस्टिक भरून कोरडे, वास नसलेले नमुनेही करता येतात. ही साधने उपयुक्त आहेत. विशेषतः १९९७ च्या नियमांनी पहिल्या टप्प्याचा काळ दीड वर्षावरून एक वर्षावर आणला तेव्हापासून अध्यापकांना वेळ अपुरा पडू लागला, आणि त्यांना या साधनांचा आधार झाला. शिवाय फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना झोंबते व आरोग्यासही अपायकारक आहे. (पहिल्या दिवशी डोळ्यांतून येणारे पाणी भावनेचे की फॉर्मॅलिनचे, हे सांगणे अवघड असते, असे आमचे डॉक्टर म्हणतात.) पण पडद्यावरचे देह मोजकेच असतात, आणि त्यांना हात लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट पडद्यावर मिळत नाही. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात ‘मृतदेह हा आपला पहिला गुरू’ असा स्वतंत्र पाठच ठेवला आहे. अनेक महाविद्यालयांत विच्छेदनाच्या आरंभी विद्यार्थी शपथ घेतात व देहाला वंदन करतात. अठरा-एकोणीस वर्षांचे ते मूल आयुष्यात प्रथमच एका पूर्ण परक्या माणसाच्या विश्वासाला पात्र ठरण्याचा प्रयत्न करीत असते. रुग्णाशी पुढे ते कसे वागेल, याची सुरुवात तेथे होते.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे, आणि शरीररचना शिकवणाऱ्या संस्थाही येथे आहेत. लोणी येथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरजवळ विळद घाटात दुसरे आहे, आणि वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगर येथे १९१७ मध्ये सुरू केलेल्या आयुर्वेद महाविद्यालयाची परंपरा तर शतकाहून जुनी. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनाही रचनाशारीर या विषयात विच्छेदन करावे लागते. अडचण अंतराची आहे. जामखेडहून नगर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, आणि अकोल्याच्या डोंगराळ वाड्यांतून खाली उतरायलाच वेळ लागतो. देह साधारणपणे मृत्यूनंतर सहा ते आठ तासांत पोहोचावा, अशी संस्थांची अपेक्षा असते. शीतपेटी मिळाल्यास थोडी सवलत मिळते. मे महिन्याच्या उन्हात ती मिळणे फारच महत्त्वाचे.

या घाईमागे कारण आहे. देह टिकवण्यासाठी मांडीतील किंवा मानेतील धमनीतून फॉर्मॅलिनयुक्त द्रावण भरले जाते आणि ते रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून सर्वत्र पोहोचते. उशीर झाला, तर ते नीट पसरत नाही. याच कारणाने शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही, कारण त्यात हे जाळे तुटलेले असते. अपघात, आत्महत्या, विषबाधा किंवा पोलिसांकडे नोंद झालेला कोणताही मृत्यू असल्यास देहदान होत नाही. एच.आय.व्ही., कावीळ ब व क, क्षयरोग यांसारखे संसर्ग किंवा मोठ्या जखमा असल्यासही संस्था नकार देऊ शकते. हा नकार दात्याचा अवमान नसतो. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी तो असतो.

नेत्रदान, अवयवदान आणि देहदान यांत अनेकांची गल्लत होते. नेत्रदान घरी झालेल्या मृत्यूनंतरही सहा तासांच्या आत करता येते, आणि त्यानंतर देहदानही होऊ शकते. मूत्रपिंड, यकृत वा हृदय यांचे दान मात्र अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू निश्चित झाल्यावर, १९९४ च्या कायद्याप्रमाणेच होते. त्यानंतर तो देह विच्छेदनासाठी सहसा योग्य राहत नाही. दोन्हींपैकी निवड करण्याची वेळ आली, तर प्रतीक्षायादीतील रुग्णांचा विचार आधी व्हावा, असे आमचे मत आहे.

सर्वांत अधिक वेळा इच्छा अडते ती घरात. आजोबांनी भरलेला अर्ज कपाटात असतो, मुलांना त्याची कल्पना नसते, आणि एखादा मुलगा वा मुलगी नको म्हणाली की विषय तेथेच संपतो. जवळच्या नातेवाइकांची संमती नसेल, तर अर्ज भरलेला असूनही संस्था देह घेत नाही. काही कुटुंबांना अंत्यविधीची चिंता असते. देह सोपवण्यापूर्वी घरी दर्शन व प्रार्थना करण्यास वेळ मिळतो. पुढील विधी कसे करावेत, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या श्रद्धेनुसार ठरवावे. दधीची ऋषींनी लोकांसाठी अस्थी दिल्या, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते, एवढेच आम्ही त्यांना सांगतो. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अभ्यास पूर्ण झाल्यावर अवशेषांची विल्हेवाट संस्था लावते आणि अस्थी कुटुंबाला सहसा परत मिळत नाहीत. ज्यांना हे जड जाते, त्यांनी देहदान करू नये. त्यात कमीपणा नाही.

मृत्यूनंतर लागते ती कागदपत्रे थोडीच : नोंदणीकृत डॉक्टरांनी दिलेला मृत्यूच्या कारणाचा दाखला, मृताचे व नातेवाइकांचे ओळखपत्र आणि संमतिपत्र. रात्री-अपरात्री हा दाखला मिळत नाही म्हणून अनेकांची धावपळ होते. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांना आपली इच्छा आधीच सांगून ठेवावी. ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत मृत्यूची नोंद नेहमीप्रमाणेच करावी लागते. या व्यवहारात कोणीही पैसे देत वा घेत नाही. देह नेण्यासाठी वाहन मिळेल किंवा कसे, हे त्या त्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे दूरध्वनी करून विचारावे. आमच्या समाजसेवा विभागात अर्जाचे नमुने ठेवलेले आहेत. ते नेताना घरातील किमान एका तरुण माणसाला सोबत आणावे, ही विनंती.