वही आपल्या कपाटात, शोध क्लाउडवर : जोडणी करताना कुलूपही सोबत न्या

धंदा लहान असो वा मोठा, त्याची पुंजी केवळ बँकेतील शिल्लक नसते. कोणत्या गिऱ्हाइकाने कोणती तक्रार केली, ती कोणी दूर केली, कोणता उपाय फसला आणि कोणता लागू पडला, ही माहितीसुद्धा पुंजीच होय. पूर्वी ती मुनीमजींच्या डोक्यात आणि पेढीच्या चोपडीत असे. आज सॉफ्टवेअर बनविणाऱ्या, यंत्रांची देखभाल करणाऱ्या किंवा ग्राहकसेवा देणाऱ्या संस्था ती कामाचा मागोवा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवितात. ‘जिरा’ आणि ‘रेडमाइन’ ही त्यांतील दोन परिचित नावे. जिरा हे ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे स्थापन झालेल्या अ‍ॅटलासियन कंपनीचे उत्पादन असून ते २००२ साली बाजारात आले. रेडमाइन २००६ साली आले. ते मुक्त स्रोत प्रकारचे असल्याने त्याचा परवाना विकत घ्यावा लागत नाही.

अनेक संस्थांनी ही सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसविलेली आहेत. माहिती आपल्या ताब्यात राहावी, हा त्यामागील हेतू. परंतु त्याच संस्थांचे ई-मेल, कागदपत्रे आणि बैठकींची टिपणे आता क्लाउडवर गेली आहेत. परिणामी एखादी गोष्ट शोधायची झाल्यास कर्मचाऱ्याला चार ठिकाणी हिंडावे लागते. यावर उपाय म्हणून क्लाउडवरील शोध साधने पुढे आली. एकाच चौकटीत प्रश्न लिहावा आणि सर्व ठिकाणची उत्तरे एकत्र मिळावीत, अशी ही सोय आहे. अ‍ॅमेझॉनने ‘केंद्रा’ हे साधन २०१९ मध्ये, तर अ‍ॅटलासियनने ‘रोव्हो’ मे २०२४ मध्ये जाहीर केले. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांचीही अशी साधने आहेत.

आता प्रश्न असा की, घरातील वही आणि बाहेरचा शोध यांची सांगड घालावी कशी? विक्रेते सांगतात की दोन-चार बटणे दाबली की जोडणी झाली. बटणे दाबणे खरोखरच सोपे आहे. जोखीम आहे ती पुढे, आणि तीच येथे समजून घ्यायची आहे.

जोडणी म्हणजे नेमके काय होते?

जोडणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कनेक्टर नावाचा एक मध्यस्थ प्रोग्राम आपल्या सर्व्हरवरील नोंदी वाचतो, त्यांची प्रत क्लाउडवर पाठवितो आणि तेथे त्या नोंदींची सूची, म्हणजे संगणकवाल्यांच्या भाषेत इंडेक्स, तयार होते. कर्मचारी शोध घेतो तो या सूचीत. मूळ वहीला त्या वेळी कोणी हात लावत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रत काढलीच जात नाही. कर्मचाऱ्याने प्रश्न विचारताच शोध साधन त्याच्याच नावाने मूळ सर्व्हरला विचारते आणि आलेले उत्तर दाखविते.

पहिला प्रकार वेगवान असतो आणि त्यात शब्दांच्या अर्थानुसारही शोध घेता येतो. दुसरा प्रकार संथ असतो, पण परवानगीचा निर्णय मूळ सॉफ्टवेअरच देते. बाजारात पहिल्या प्रकाराचे प्रमाण मोठे असल्याने पुढील विवेचन त्याच्याविषयी आहे.

आपला सर्व्हर कार्यालयातील फायरवॉलच्या आड असतो. क्लाउडला आत यायला दार उघडून देणे धोक्याचे. म्हणून शहाणपणाची रीत अशी की, कनेक्टर आतच बसवावा आणि त्यानेच बाहेर संपर्क साधावा. अ‍ॅटलासियनने आपल्या क्लाउड व स्वतःच्या सर्व्हरवरील उत्पादनांना जोडण्यासाठी जो ‘अ‍ॅप्लिकेशन टनेल’ दिला आहे, तो याच तत्त्वावर चालतो. संपर्काची सुरुवात आतून होते आणि बाहेरून आत येण्यासाठी वेगळे दार उघडावे लागत नाही.

प्रत गेली, पण कुलूप गेले काय?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. जिरामध्ये नोंद कोणी पाहावी याचे तीन थर आहेत. पहिला थर प्रकल्पाचा : तो प्रकल्प पाहण्याची परवानगी कोणाला आहे. दुसरा नोंदीचा : एखाद्या नोंदीला सुरक्षा पातळी लावून ती मोजक्या लोकांपुरती ठेवता येते. तिसरा टिप्पणीचा : नोंद सर्वांना दिसते, पण तिच्याखालील एखादी टिप्पणी ठरावीक गटालाच दिसते. रेडमाइनमध्येही खाजगी नोंदी आणि खाजगी टिपणे असतात.

कनेक्टर नोंदी वाचतो तो एका खास खात्याच्या नावाने. घाईघाईत पुष्कळदा हे खाते प्रशासकाचे दिले जाते. मग त्या खात्याला सर्व काही दिसते आणि सर्व काही बाहेर जाते. नोंदींसोबत परवानग्यांचीही प्रत गेली नाही, किंवा कनेक्टरला पहिलाच थर समजला आणि उरलेले दोन समजले नाहीत, तर वरिष्ठांनी केवळ व्यवस्थापनासाठी लिहिलेली टिप्पणी नव्याने रुजू झालेल्या उमेदवारालाही शोधात सापडू शकते. चोरी झालेली नसते, कुलूप फोडलेले नसते, तरीही माल चव्हाट्यावर येतो.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारावा : तुमचा कनेक्टर या तिन्ही थरांचे पालन करतो काय? तो टिप्पणीची मर्यादा पाळत नसेल, तर टिप्पण्या सूचीत घेऊच नयेत. केवळ शीर्षक व वर्णन घेतले तरी शोधाचे बरेचसे काम भागते.

‘सर्वांना’ या शब्दाचा अर्थ बदलतो

स्वतःच्या सर्व्हरवर काही प्रकल्प ‘सर्वांना खुले’ ठेवलेले असतात. ते ठेवणाऱ्याच्या मनात ‘सर्व’ म्हणजे त्या कार्यालयातील पंधरा-वीस माणसे होती. क्लाउडवर मात्र ‘सर्व’ म्हणजे संस्थेच्या नावाने खाते असलेला प्रत्येक माणूस. त्यात शाखांतील लोक आले, आणि कधी कधी कंत्राटी कामगार व बाहेरचे सल्लागारही आले. जोडणीपूर्वी अशा खुल्या प्रकल्पांची यादी काढून प्रत्येकाची मर्यादा नव्याने ठरविणे आवश्यक आहे.

माणसांची ओळख जुळविण्याचा प्रश्नही यातच येतो. जिरातील खाते आणि क्लाउडवरील खाते एकाच माणसाचे आहे, हे बहुधा ई-मेल पत्त्यावरून ठरते. जुन्या सर्व्हरवर जुने पत्ते राहिलेले असतील तर जोड जमत नाही. अशा वेळी नियम एकच असावा : ओळख पटली नाही तर काहीही दाखवू नये. कर्मचाऱ्याची थोडी गैरसोय होईल, पण ती दुरुस्त करता येते. बाहेर फुटलेली गोष्ट परत घेता येत नाही.

बदल झाला, पण कनेक्टरला कळला काय?

पहिल्या दिवशी सर्व नोंदी वाचल्यानंतर कनेक्टर पुढे फक्त ‘अमुक वेळेनंतर बदललेल्या नोंदी द्या’ असे विचारतो. त्यामुळे वेळ आणि सर्व्हरचा भार वाचतो. पण या सोयीत चार खड्डे आहेत.

पहिला खड्डा परवानग्यांचा. एखाद्या कर्मचाऱ्याला गटातून काढले किंवा प्रकल्पाच्या परवानग्या बदलल्या, तर नोंदीवरील ‘शेवटचा बदल’ ही वेळ बदलत नाही. कारण नोंदीच्या मजकुराला कोणी हात लावलेला नसतो. केवळ बदललेल्या नोंदी मागणाऱ्या कनेक्टरला या बदलाचा पत्ताच लागत नाही. वहीवर नवे कुलूप बसलेले असते, पण सूचीवर जुनेच लटकत राहते.

दुसरा खड्डा खोडलेल्या नोंदींचा. जी नोंद काढून टाकली, ती ‘बदललेल्या’ नोंदींत येत नाही. ती फक्त दिसेनाशी होते. क्लाउडवरील प्रत मात्र तशीच राहते. गिऱ्हाइकाच्या विनंतीवरून त्याची खाजगी माहिती आपण पुसली, आणि ती शोधात अजूनही सापडते, असा प्रकार यातून घडू शकतो.

तिसरा खड्डा घड्याळाचा. जिरा शोधाची वेळ ही विचारणाऱ्या खात्याच्या वेळविभागानुसार समजते. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. कनेक्टर आणि ते खाते यांची घड्याळे जुळली नाहीत, तर एका बाजूच्या चुकीने त्याच नोंदी पुन्हा पुन्हा येतात आणि दुसऱ्या बाजूच्या चुकीने काही नोंदी सुटतात.

चौथा खड्डा रेडमाइन वापरणाऱ्यांसाठी. रेडमाइनकडे नोंदींची यादी मागितली तर ते न सांगता केवळ चालू नोंदी देते. बंद झालेल्या नोंदी हव्या असल्यास तसे स्पष्ट मागावे लागते. शिवाय एका वेळी २५ आणि मागितल्यास जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात, आणि नोंदीखालील टिपणे यादीत येत नसल्याने प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे वाचावी लागते. ज्या जुन्या, सुटलेल्या तक्रारींच्या अनुभवासाठी हा सारा खटाटोप करायचा, त्याच नेमक्या बाहेर राहिल्या, तर जोडणीचा उपयोग काय?

या चारही बाबतींत इलाज आहे. रोजच्या बदलांखेरीज ठरावीक दिवशी, शक्यतो सुट्टीच्या रात्री, संपूर्ण पडताळणी करावी. तीत नोंदींची संख्या, परवानग्या आणि खोडलेल्या नोंदी यांचा मेळ घालावा. व्यापारी जसा महिन्याअखेर गल्ला आणि चोपडी जुळवून पाहतो, तसेच हे काम आहे.

कायदा आणि मुदत

आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तक्रारींच्या नोंदीत ग्राहकाचे नाव, दूरध्वनी, कधी ओळखपत्राची प्रतही जोडलेली असते. तिची आणखी एक प्रत बाहेर ठेवणे म्हणजे जबाबदारीही वाढवून घेणे होय. प्रत कोणत्या देशात राहील, हेही करारात लिहून घ्यावे. मायक्रोसॉफ्टची पुण्यात २०१५ पासून, अ‍ॅमेझॉनची मुंबईत २०१६ पासून आणि गूगलची मुंबईत २०१७ पासून क्लाउड केंद्रे आहेत. मात्र प्रत्येक शोध साधन प्रत्येक केंद्रातून चालतेच असे नाही, म्हणून विचारून घ्यावे.

जिरा वापरणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. जिराच्या ‘सर्व्हर’ आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला. उरलेल्या ‘डेटा सेंटर’ आवृत्तीबाबत कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये वेळापत्रक जाहीर केले. नव्या ग्राहकांना विक्री बंद करण्याची तारीख ३० मार्च २०२६, आणि वापराची मुदत संपण्याची तारीख २८ मार्च २०२९. म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवरील जिरासाठी आज बांधलेला पूल हा काही वर्षांचाच आहे. त्यावर किती खर्च करावा, याचा विचार आताच व्हावा. परंतु परवानग्यांची साफसफाई वाया जाणार नाही. पुढे क्लाउडवर जा, रेडमाइनकडे वळा किंवा आणखी कोठे, ती सर्वत्र उपयोगी पडेल.

कामाचा क्रम

ज्यांना ही जोडणी करावयाची आहे, त्यांनी पुढील क्रम ठेवावा.

१. कोणते प्रकल्प शोधात हवेत ते निवडावे. पगार, शिस्तभंग, कायदेशीर वाद यांचे प्रकल्प वगळावेत.

२. कनेक्टरसाठी वेगळे खाते काढावे. त्याला निवडलेल्या प्रकल्पांपुरती वाचण्याचीच परवानगी द्यावी. पासवर्डऐवजी मुदतीचे टोकन वापरावे आणि मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवावी.

३. आरंभी एकच लहान प्रकल्प जोडावा.

४. तीन कर्मचारी निवडावेत : एक सर्व पाहू शकणारा, एक मर्यादित परवानगीचा आणि एक त्या प्रकल्पाशी संबंध नसलेला. तिघांनी तेच दहा शब्द शोधावेत आणि काय दिसले ते कागदावर मांडावे.

५. एका चाचणी खात्याची परवानगी काढून घ्यावी, एक चाचणी नोंद खोडावी आणि हे बदल शोधात किती वेळाने उतरतात ते मोजावे.

६. हा अवधी मालकाला मान्य असेल तरच पुढचा प्रकल्प जोडावा.

यापैकी पाचव्या पायरीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. हवी ती नोंद सापडली की जोडणी यशस्वी झाली, असे समजून लोक समाधान मानतात. वास्तविक, ज्याला जी नोंद दिसू नये ती त्याला सापडत नाही, हे पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. सामान्य वापरात ही चूक दिसतही नाही, कारण ज्याला नको ते सापडले तो बहुधा सांगत नाही. ती शोधण्याचे काम जोडणी करणाऱ्यानेच करावयाचे असते. गिऱ्हाइकाने आपल्यावर विश्वास टाकून माहिती दिलेली असते. ती वही कोणत्या कपाटात ठेवावी, हा आपला प्रश्न आहे. कपाट कोणतेही निवडा, पण किल्ली कोणाकोणाकडे आहे याची यादी जवळ ठेवा.