जमिनीला विचारून लावलेली आग

मराठीत आगीसाठी शब्दांची वाण नाही. ठिणगी, विस्तव, निखारा, जाळ, शेकोटी आणि शेवटी वणवा. शेकोटी माणसाच्या मुठीत असते; वणव्यापुढं माणूसच मुठीएवढा होतो. पण रानात मुद्दाम लावलेली आणि तरीही माणसाच्या सांगण्यात राहणारी जी आग, तिला चटकन शब्द सापडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांकडे ती हजारो वर्षांपासून आहे. तिकडे इंग्रजीत तिला 'कल्चरल बर्निंग' म्हणतात.

२०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात, मुख्यतः आग्नेय भागात, जे वणवे पेटले त्यांत ३३ माणसं गेली, तीन हजारांवर घरं जळाली. नंतरच्या राष्ट्रीय चौकशी आयोगानं मूळ रहिवाशांच्या या ज्ञानाची दखल घ्यायला सांगितलं. वसाहतीच्या काळात याच लोकांना जमिनीवरून हुसकावलं गेलं होतं, त्यांच्या आगी बंद पाडल्या गेल्या होत्या. पुष्कळ ठिकाणी मग झुडपं माजली, पाचोळा साचत गेला.

ही आग काडी ओढण्यापूर्वीच सुरू होते. केप यॉर्कमधले दोन वृद्ध, जॉर्ज मस्ग्रेव्ह आणि टॉमी जॉर्ज, यांच्याकडून हे शिकलेल्या व्हिक्टर स्टेफन्सन यांनी २०२० साली 'फायर कंट्री' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या शिकवणीचा गाभा असा की प्रत्येक जमिनीची आग वेगळी. माती कोणती, झाडं कोणती, गवत कोणतं, यावरून जळण्याची वेळ ठरते. एक पट्टा वाळलेला असतो तेव्हा शेजारचा अजून ओला असतो. आधी वाळलेला पट्टा पेटवला की आग ओल्या पट्ट्याच्या कडेला येऊन आपोआप विझते. मग त्याची पाळी येते तेव्हा आधीचा जळून गेलेला असतो. सुरक्षिततेची किल्ली इथं आहे. पाण्याचा बंब नंतरचा.

म्हणून जाणता माणूस आधी चालतो. गवत मुठीत चुरगाळून पाहतो: थोडं वाळलेलं, थोडं हिरवं हवं. हात मातीत घालून ओल पाहतो. वारा मंद हवा, आणि पुढच्या काही दिवसांचा अंदाजही हवा, कारण आज शांत असलेला वारा परवा उठला तर धुमसता ओंडका पुन्हा पेट घेतो. (हे वाचून कुणी आपल्या डोंगरावर काडी ओढू नये. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या कोळ झालेल्या गवताला लावलेली आग अगदी उलट जातीची.)

मग परवानगी. आमच्या घरात 'इजाजत' हा शब्द आहे. परवानगी कागदावर मिळते, इजाजत माणसाकडून घ्यावी लागते. इथं दोन्ही लागतात. त्या भूमीविषयी बोलण्याचा अधिकार ज्या कुळाचा, त्यांचा होकार हवा. दुसऱ्याच्या भूमीवर कितीही जाणता असला तरी पाहुणाच. शिवाय अग्निशमन दलाचा परवाना, शेजाऱ्यांना आगाऊ निरोप. दम्याच्या रुग्णाला धुराचा दिवस आधी कळलाच पाहिजे. जुन्या पोकळ झाडांभोवती आणि पूर्वजांच्या खुणा असलेल्या झाडांभोवती पाचोळा ओढून जागा साफ करतात. अंगावर सुती कपडे, पायात बूट, हाताशी पाणी, आणि 'आता थांबा' म्हणणारा एकच माणूस.

आग एका ठिकाणी लावतात, तिथून ती पाण्याच्या डागासारखी हळूहळू बाहेर पसरते. चहूबाजूंनी रेघ ओढून पेटवलं तर सरडे, किडे, उंदीर मध्ये कोंडले जातात. एका बिंदूपासून गेलं तर त्यांना वाट मिळते. ज्वाळा गुडघ्याच्या आसपास राहाव्यात. धूर पांढरा असावा. आणि झाडाचा शेंडा करपता कामा नये, यावर वृद्धांचा सर्वांत अधिक कटाक्ष, कारण फुलं, बिया, सावली सगळं तिथं आहे. पुष्कळदा दुपार कलल्यावर आग लावतात, म्हणजे रात्रीचं दव उरलेलं काम करतं.

काम तिथं संपत नाही. आत धुमसणारे ओंडके शोधून विझवावे लागतात. पुढं काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा जाऊन कोंब पाहायचे. देशी गवत आलं तर आग बरोबर होती. तण माजलं तर चुकली. उत्तरेत आफ्रिकेतून आणलेलं गॅम्बा गवत पसरलं आहे. ते उंच वाढतं आणि भडकून जळतं, तिथं जुना हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.

परंपरा म्हणजे जुनीच अवजारं, असंही नव्हे. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला वृद्धांच्या सल्ल्यानं छोट्या आगी लावतात, पायी फिरून आणि हेलिकॉप्टरमधूनही. त्यामुळे ऋतूच्या अखेरचे मोठे वणवे घटतात, हरितगृह वायू कमी निघतात, आणि त्या बचतीचा मोबदला तिथल्या लोकांना मिळतो.

आग्नेय भागात मात्र अडचण वेगळीच. गवत तयार असतं थोडे दिवस, आणि हवामान तापत चालल्यानं तेही आक्रसत आहेत. परवान्याला कधी आठवडे लागतात. कागदावरची तारीख येते तोवर गवत पुरतं वाळलेलं असतं. त्या दिवशी जाणती माणसं परवाना खिशात ठेवून घरी परततात.