आमदारकीनंतरचे न्यायासन

जळकोट आज लातूर जिल्ह्यात आहे, पण 1956 पर्यंत उदगीरकडचा हा पट्टा हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. दावा हायकोर्टापर्यंत गेला की पक्षकाराला हैदराबादची वाट धरावी लागे. निजामाच्या अमलात कोर्टाची भाषा उर्दू होती आणि मराठी वकीलही उर्दूतूनच युक्तिवाद करत. गोपाळराव एकबोटे याच हैदराबादेत वकिलीत नावारूपाला आले.

1952 साली हैदराबाद विधानसभेच्या 175 जागांसाठी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. एकबोटे काँग्रेसतर्फे निवडून आले आणि बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्रीही झाले. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांच्या राज्यात हे खाते सांभाळणे सोपे नव्हते. त्याच वर्षी ‘मुलकी’ आंदोलन पेटले: सरकारी नोकऱ्या स्थानिकांनाच द्या, ही त्याची मागणी. 1956 मध्ये राज्यच विसर्जित झाले. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, एकबोटे मात्र हैदराबादेतच राहिले. पुढे ते आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 1972 मध्ये मुख्य न्यायमूर्ती. नेमक्या त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले आणि किनारी आंध्रात आंदोलनाचा भडका उडाला. आमदार असताना रस्त्यावर पाहिलेला प्रश्न वीस वर्षांनी पुन्हा समोर उभा राहिला, तेव्हा ते न्यायासनावर होते. 1974 मध्ये ते निवृत्त झाले.

असा प्रवास घटनेला मान्य आहे का? हो. अनुच्छेद 217 प्रमाणे उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेल्याला न्यायाधीश होता येते. आधी आमदारकी केली म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. उलट अनुच्छेद 211 न्यायाधीशाच्या कामकाजावर विधिमंडळात चर्चा करायला मनाई करतो, म्हणजे कालच्या सहकाऱ्यांनाही गप्प बसावे लागते.

असा प्रवास इतरांनीही केला. केरळचे व्ही. आर. कृष्ण अय्यर 1957 मध्ये मंत्री होते आणि 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. गोव्याचे फर्दिनो रेबेलो 1977 मध्ये जनता पक्षाचे आमदार झाले, 1996 पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि 2010 मध्ये अलाहाबादचे मुख्य न्यायमूर्ती झाले.

अशा नेमणुकांबद्दल शंका घेणाऱ्यांना दोष देता येत नाही. 2025 मध्ये एका पक्षाच्या माजी प्रवक्त्यांची मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक झाली, तेव्हा हाच आक्षेप जोरात निघाला. ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याच पक्षात न्यायाधीश एकेकाळी होते, हे कळल्यावर पक्षकाराच्या पोटात गोळा येणारच. पण परीक्षा निकालपत्रांवरून व्हावी. कायदा सभागृहात कसा घडतो, घाईत कुठे कच्चा राहतो, हे आत बसलेल्या माणसाला जास्त कळते, आणि ते ज्ञान कोर्टाच्या उपयोगाचे आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने 2005 मध्ये डान्स बारवर बंदी घातली. एप्रिल 2006 मध्ये ती घटनाबाह्य ठरवणाऱ्या खंडपीठात हेच माजी आमदार रेबेलो होते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.