कुत्र्यांच्या भीतीवर शामक फेरोमोन : संकल्पना आणि पुरावा

फेरोमोन ही संज्ञा महाविद्यालयीन विद्यार्थ्याला बहुधा कीटकांच्या संदर्भात प्रथम भेटते. निपाणी परिसरातील शेतकऱ्याच्या मुलाला तर ती पुस्तकाआधी शिवारातच भेटलेली असते. तंबाखूची पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीचे पतंग पकडण्यासाठी लावलेला कामगंध सापळा हे फेरोमोनचेच उपयोजन होय. मादीच्या गंधासारखे रसायन असलेले आमिष नर पतंगाला ओढून आणते, तो नरसाळ्याखालच्या पिशवीत पडतो आणि सकाळी ते पतंग मोजता येतात. याच संज्ञेखाली आता कुत्र्यांची भीती व अस्वस्थता कमी करणारी उत्पादनेही विकली जातात. मात्र दोहोंमागील पुरावा एकाच तोलाचा नाही, आणि हा फरक वर्गात उलगडून दाखविण्यासारखा आहे.

'फेरोमोन' हा शब्द १९५९ मध्ये पीटर कार्लसन व मार्टिन ल्यूशर यांनी रूढ केला. एका प्राण्याच्या शरीरातून बाहेर पडणारे आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात ठरावीक प्रतिसाद घडविणारे द्रव्य, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या मादी पतंगातील असे पहिले द्रव्य ओळखल्याचे जाहीर केले. त्यासाठी सुमारे ५ लाख पतंगांच्या ग्रंथी वेगळ्या कराव्या लागल्या होत्या. रेशीम उत्पादनात अग्रेसर असलेल्या कर्नाटकातील विद्यार्थ्यांना हे उदाहरण सहज पटेल.

कुत्र्यांचे शामक फेरोमोन हे त्या मानाने अलीकडचे. फ्रेंच पशुवैद्य पॅट्रिक पाजा यांनी १९९० च्या दशकात व्यालेल्या कुत्रीच्या स्तनांच्या दोन ओळींमधील तैलग्रंथींच्या स्रावाचा अभ्यास केला. प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत हा स्राव सुरू होतो आणि पिल्लांना आश्वस्त करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेदाम्लांच्या एस्टरांचे त्यातील मिश्रण प्रयोगशाळेत तयार करून प्रथम 'डीएपी' व पुढे 'अ‍ॅडॅप्टिल' या नावाने बाजारात आले. ते विजेच्या प्लगमध्ये लावायचा डिफ्यूझर, गळ्यातील पट्टा आणि फवारा अशा रूपांत मिळते.

हे द्रव्य नेहमीच्या वासासारखे नव्हे, तर नासापटलाच्या तळाशी असलेल्या जेकबसनच्या इंद्रियाद्वारे ग्रहण केले जाते, असे सामान्यतः सांगितले जाते. गायीचे मूत्र हुंगून बैल मान वर करतो व वरचा ओठ मुडपतो, तेव्हा तो याच इंद्रियाकडे द्रव्य पोहोचवीत असतो. खेड्यातील विद्यार्थ्यांनी हे पाहिलेले असते. कारण मात्र क्वचितच कोणी सांगितलेले असते. कुत्र्याच्या बाबतीत येथे एक अडचण आहे. या इंद्रियातील ग्राहींच्या एका प्रमुख कुलाची कार्यक्षम जनुके उंदरात शंभराहून अधिक, तर कुत्र्यात जेमतेम दहाच्या आसपास आढळतात. त्यामुळे पतंगाची यंत्रणा जशीच्या तशी कुत्र्याला लावणे योग्य ठरत नाही.

आता प्रत्यक्ष परिणामाविषयी. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांवर डिफ्यूझरचा एक अभ्यास इंग्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झाला. बऱ्याच कुत्र्यांची लक्षणे कमी झाल्याचे मालकांनी सांगितले. परंतु तुलनेसाठी औषधविरहित डिफ्यूझर लावलेला गट नव्हता. पैसे खर्चून आणलेल्या वस्तूचा गुण येतो आहे असे माणसाला वाटणे स्वाभाविकच आहे. सापळ्यातील पतंग मोजता येतात. कुत्र्याची भीती मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी मोजावी लागते, आणि सारा घोळ तेथेच होतो. २०१० मध्ये फ्रँक, बोशाँ व पालेस्त्रिनी यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. बहुतेक उपयोगांसाठी पुरावा अपुरा आहे, प्रशिक्षणवर्गातील पिल्लांची भीती कमी होण्यास मात्र काहीसा आधार मिळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१५ मधील एका अभ्यासात बीगल जातीच्या २४ कुत्र्यांना ढगांच्या गडगडाटाचे ध्वनिमुद्रण ऐकविण्यात आले. काहींच्या गळ्यात खरा पट्टा होता, तर काहींच्या गळ्यात तसाच दिसणारा औषधविरहित पट्टा. खऱ्या पट्ट्याच्या गटात भीतीची लक्षणे कमी दिसली. ही रचना निश्चितच अधिक काटेकोर. तथापि लेखकांत उत्पादक कंपनीशी संबंधित संशोधक होते, ही बाबही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे.

बेळगाव भागात हा प्रश्न दिवाळीत, वरातीत आणि वळवाच्या गडगडाटात उभा राहतो. घाबरलेले कुत्रे थरथरते, लाळ गाळते, दाराला नखे मारते, साखळी तोडून पळते, कधी घरच्यालाच चावते. त्याला खोडकर ठरवून मारल्यास आवाजाच्या भीतीत माराची भर पडते. डिफ्यूझरची मर्यादा साधारण ५० ते ७० चौरस मीटरच्या बंदिस्त जागेची आहे. दारे सताड उघडी असलेल्या घरात किंवा शेतातील वस्तीवर त्याची अपेक्षा करणे व्यर्थ. तेथे वापरायचाच तर पट्टा वापरावा. आतल्या खोलीत अंधार करून दडायला जागा देणे, दारे-खिडक्या लावणे आणि पिल्लू तीन ते बारा आठवड्यांचे असताना हलक्या आवाजांची हळूहळू ओळख करून देणे, या उपायांना तर खर्चही नाही. भीती तीव्र असल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे लागते. फेरोमोन हा त्याला पर्याय नव्हे. आणि उत्पादन आणलेच, तर डिफ्यूझर किमान एक दिवस आधी सुरू करावा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला फटाका वाजल्यावर तो लावून उपयोग नाही.