जर्मन जेट विमानाचा वारसा

जेट विमानास पुढें पंखा नसतो. इंजिनांत शिरलेली हवा दाबून तींत तेल जाळतात. तापलेला वायु वेगानें मागें फेंकला जातो व त्याच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें धांवतें. मेसरश्मिट २६२ हें असें जर्मन लढाऊ विमान १९४४ सालीं युद्धांत उतरलें. निकेल व क्रोमियम यांच्या टंचाईमुळें त्याचें इंजिन मोजके तासच टिके.

युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियानें मागें राहिलेल्या भागांतून 'एस-९२' या नांवानें तेंच विमान पुन्हां बांधलें. १९४६ सालीं तें उडालें. परंतु दोन आसनांचीं धरून अशीं एकंदर बाराच विमानें झालीं.

त्याच पिढीचे दुसरे जर्मन रचनाकार कुर्ट टांक हे प्रथम अर्जेंटिनास व १९५६ सालीं भारतांत आले. बंगळूर येथें भारतीय अभियंत्यांसह त्यांनीं 'मरुत' विमान रचलें. तें जून १९६१ मध्यें प्रथम उडालें व १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या आघाडीवर लढलें. मात्र त्यास साजेसें समर्थ इंजिन कधींच मिळालें नाहीं. दमणी सुबक, पण जुंपलेले बैल तोकडे, अशी त्याची गत झाली.

यावरून आम्हांस सुचवावयाचें तें इतकेंच कीं, विमानाचा आकार परक्यांकडून शिकतां येतो. परंतु प्रचंड उष्णता सोसणारे धातु घडविण्याची विद्या स्वतःच मिळवावी लागते. पदार्थविज्ञान व रसायन यांस कंटाळणाऱ्या आपल्या जुन्या शहरांतील विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. पालकांनींही मुंबईस गेल्यास नेहरू विज्ञान केंद्रांतील मरुत मुलांस अवश्य दाखवावें.